सीझनमध्ये घर कुणाच्या हाती द्यायचं? कोल्हापुरातल्या होमस्टे मालकांसाठी पायरी-पायरीने

नवरात्राच्या तोंडावर कोल्हापुरात घर रिकामं राहील, अशी भीती कुणालाच नसते. तरी बरेच मालक 'ज्याचा फोन आधी त्याला घर' या हिशेबानं बुकिंग घेतात आणि दसरा झाला की तुंबलेलं सिंक, शेजाऱ्यांची फुगलेली तोंडं आणि 'सहा सांगितले, अकरा झोपले' ही तक्रार घेऊन बसतात. पाहुण्यांचा दोष असतोच, पण त्याहून मोठा घोळ कामाच्या क्रमात असतो. आधी अ‍ॅडव्हान्स घेतला जातो, मग लोकेशन पाठवलं जातं आणि नियम मात्र पाहुणा डिकीतून बॅगा काढत असताना दारात सांगितले जातात. त्या वेळी नियम ऐकून कोण माघारी जाणार? आणि तुम्ही तरी पैसे परत करणार आहात का?

क्रम असा हवा: घराची मर्यादा ठरवायची, ती जाहिरातीत लिहायची, फोनवर प्रश्न विचारायचे, नियमांना लेखी होकार घ्यायचा, मग पैसे आणि सगळ्यात शेवटी पत्ता. ताराबाई पार्कातला फ्लॅट असो, रंकाळ्याजवळचं जुनं घर असो की पन्हाळ्याच्या वाटेवरचा बंगला, यात फरक पडत नाही.

## पायरी १: कुठल्या सीझनला कोण येतं, ते मांडून घ्या

वर्षभराच्या गर्दीला एकच दर आणि एकच नियम लावले की गणित चुकतं. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेला येणारी मंडळी मोठ्या गटानं येतात, एक रात्र राहतात, पहाटेच डोंगराकडे निघतात आणि गुलालात न्हाऊन परततात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणारी कुटुंबंही बहुतेक एका रात्रीचीच असतात. सोबत वयस्कर माणसं असतात आणि पहाटे चारला आंघोळीसाठी गरम पाणी लागतं. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांसह लोक येतात, दोन-तीन रात्री मुक्काम करून पन्हाळा, कणेरी मठ, नृसिंहवाडी करतात. पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि ३१ डिसेंबर या तारखांना मात्र मित्रांचे गट येतात आणि त्यांच्यासाठी घर हेच सहलीचं ठिकाण असतं.

किमान किती रात्रींचं बुकिंग घ्यायचं, हे यावरून ठरवा. नवरात्रात आणि यात्रेत 'किमान दोन रात्री' लावाल तर भाविक कुटुंबं, म्हणजे तुम्हाला हवेत तेच पाहुणे, दुसरीकडे जातील. ३१ डिसेंबरला मात्र दोन रात्रींची अट घालाच. फक्त एका रात्रीसाठी धिंगाणा घालायला घर शोधणारे त्या अटीलाच गळतात.

तपासा: पुढच्या वर्षभराच्या या तारखा कॅलेंडरवर आत्ता लॉक करा. चैत्र पौर्णिमा आणि घटस्थापना दर वर्षी वेगळ्या तारखेला येतात. ऑनलाइन साइटवर तुमचा साधा दर चालू असेल, तर तारीख तुमच्या लक्षात येण्याआधीच कुणीतरी ती स्वस्तात उचलतं.

## पायरी २: घर किती माणसं पेलतं, ते मोजा

गाद्या किती बसतात यावरून माणसांचा आकडा ठरवू नका. पाणी, संडास आणि पार्किंग यांवरून ठरवा. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल तर आठ माणसांना एक दिवसही धड पुरत नाही, आणि सुट्टीवर आलेला माणूस घरच्यापेक्षा जास्त पाणी वापरतो. मे महिन्यात पाणी एक दिवसाआड येत असेल तर आकडा आणखी खाली आणा.

पार्किंग टेपनं मोजा. 'दोन गाड्या बसतील' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर दोन छोट्या गाड्या असतात आणि येतात दोन सात सीटर. पेठांमधल्या गल्लीत एक गाडी शेजाऱ्याच्या फाटकासमोर लागली की भांडण सकाळच्या दुधाच्या वेळीच सुरू होतं.

ड्रायव्हरचा प्रश्नही आताच सोडवा. मुंबई-पुण्याहून भाड्याच्या गाडीनं येणाऱ्यांबरोबर ड्रायव्हर असतोच आणि त्याचा विचार कुणीच केलेला नसतो. तो रात्रभर गाडीत झोपतो, सकाळी तोंड धुवायला शेजाऱ्याचा नळ शोधतो आणि बोल तुम्हाला लागतो. एक खाट, पंखा आणि बाहेरच्या संडासाची किल्ली एवढी सोय असेल तर तसं सांगा. नसेल तर 'ड्रायव्हरची सोय नाही, जवळच्या लॉजचा नंबर देऊ' असं स्पष्ट लिहा.

यात्रेच्या दिवसांसाठी वेगळी तयारी लागते. पांढऱ्या चादरी आणि पांढरे टॉवेल कपाटात कुलूपबंद करून ठेवा. गुलाल ओल्या टॉवेलला लागला की तो टॉवेल पुढे फरशी पुसायच्याच कामाचा. अंगणात नळाला पाइप जोडून ठेवा, दोन बादल्या ठेवा, दारात जुनी सतरंजी टाका आणि बाहेर पाटी लावा: 'गुलाल इथे धुऊन आत या'. कुणाला त्याचा राग येत नाही. उलट पाय कुठं धुवायचे, हा प्रश्न त्यांनाही पडलेलाच असतो.

स्वयंपाकघर देणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोल्हापुरात आलेला माणूस मटण आणून रस्सा करणारच. उरलेल्या रश्श्याचा कट सिंकमध्ये ओतला की रात्रीत थिजतो आणि सकाळी पाइप तुंबतो. सिंकशेजारी झाकणाचा डबा ठेवा आणि त्यावर लिहा: 'तेल, कट, हाडं इथे'. एवढ्याशा डब्यानं प्लंबरच्या अर्ध्या फेऱ्या वाचतात.

तपासा: सोसायटीत फ्लॅट असेल तर पाहुणे ठेवायला सोसायटीची परवानगी लेखी आहे का? राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी केली आहे का? आणि शेजारच्या दोन-तीन घरांकडे तुमचा नंबर आहे का? शेजाऱ्यांना सीझनच्या आधीच भेटून सांगा, 'काही त्रास झाला तर आधी मला फोन करा.' त्यांचा पहिला फोन पोलिसांना गेला तर पुढचं सगळं अवघड होतं.

## पायरी ३: जाहिरात अशी लिहा की चुकीचा माणूस आपोआप वगळला जाईल

'प्रशस्त, निसर्गरम्य, सर्व सोयींनी युक्त' हे वाक्य सगळ्यांच्या जाहिरातीत असतं आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. जबाबदार पाहुण्याला नेमकी माहिती हवी असते. बेजबाबदार माणूस नेमकी माहिती वाचूनच पुढे सरकतो. म्हणून गैरसोयी लपवू नका. जिना अरुंद आहे, गल्लीत एकच गाडी बसते, नवरात्रात मंदिराजवळचे रस्ते वाहनांना बंद असतात म्हणून शेवटी चालावं लागतं, हे सगळं लिहा. पार्किंगचा फोटो टाका. शेजारचं घर किती जवळ आहे हे दिसेल असाही एक फोटो टाका. धांगडधिंगा करायला जागा शोधणाऱ्याला तो फोटो पुरेसा असतो.

नुसतं 'नो पार्टी' लिहून भागत नाही. बारा जणांनी वाढदिवसाचा केक कापला तर ती पार्टी की नाही, यावर दारात वाद होतो. काय चालणार नाही ते लिहा. नमुना असा:

'घर ६ जणांसाठी आहे. ५ वर्षांवरचं मूल या आकड्यात धरलं जातं. बुकिंगमध्ये नाव नसलेल्या व्यक्तीला रात्री थांबता येणार नाही. रात्री १० नंतर गच्ची आणि अंगण बंद. स्पीकर आणू नये. एका गाडीची जागा आहे. मालक शेजारच्या गल्लीत राहतात आणि चेक-इनला स्वतः हजर असतात.'

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मालक जवळ राहतो, हे वाचून कुटुंबाला धीर येतो आणि ज्याला धीर येत नाही त्याचा फोनच येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली आहे. त्यामुळे हा नियम तुमच्या लहरीचा नाही, हेही पाहुण्याला सांगता येतं.

आता 'बॅचलर नाही' या पाटीबद्दल. ही पाटी म्हणजे आळस आहे, असं माझं मत आहे. जोतिबाला चालत आलेली कॉलेजची चार पोरं घर झाडून जातात आणि तीन पिढ्यांचं कुटुंब बेसिन उखडून जातं, असंही होतं. माणसांची संख्या, येण्याचं कारण आणि फोनवरची उत्तरं यांतून जे कळतं ते लग्नाच्या दाखल्यातून कळत नाही. आडनाव, जात, धर्म यांवरून नकार देणं तर चूकच आहे आणि मोठ्या बुकिंग साइटवर त्यापायी तुमची जाहिरात बंद होऊ शकते.

सावधान: तारीख जवळ आली आणि घर रिकामं आहे म्हणून आदल्या संध्याकाळी दर पाडू नका. त्या वेळी घर शोधणाऱ्यांत अडलेली चांगली माणसं असतात, तसेच चार ठिकाणांहून नकार मिळालेलेही असतात. दर तोच ठेवून पहिल्यांना घर देता येतं.

## पायरी ४: पहिला फोन

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढीच पायरी वाचा. फोनवर चौकशी करायची ती पोलिसांसारखी नको. प्रत्येक प्रश्नाला पाहुण्याच्या सोयीचं कारण जोडा, म्हणजे समोरचा मोकळा होतो.

'दादा, किती जण आहात?'
'आम्ही... सहा-सात. आठ धरा.'
'नक्की आकडा सांगा की, गाद्या आणि पाणी त्या हिशेबानं लावून ठेवतो.'

इथे दोन प्रकारची माणसं वेगळी होतात. एक जण म्हणतो, 'थांबा, बायकोला विचारून सांगतो, तिची आई येणार की नाही ते ठरायचंय.' हा चांगला पाहुणा. दुसरा म्हणतो, 'अहो, दोन-चार इकडं-तिकडं, त्यात काय एवढं?' याला दोन-चार म्हणजे किती, ते रात्री अकराला कळतं.

पुढचे प्रश्न याच चालीनं: 'वयस्कर कुणी आहे का, जिना चढावा लागेल.' 'कितीच्या सुमारास पोचाल? महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणार असाल तर सकाळीच उतराल, खोली दुपारी मिळेल, सामान ठेवायची सोय करतो.' 'गाड्या किती? ड्रायव्हर आहे का?' 'देवदर्शन की पन्हाळा पण करणार?' शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. कार्यक्रम ठरलेला माणूस भराभर सांगतो. 'काही नाही, असंच, रिलॅक्स' हे उत्तर वाईट नाही, पण मग पुढचा प्रश्न विचारा: 'जेवायला बाहेर जाणार की घरीच करणार?'

पाहुणा स्वतः काय विचारतो, यावरूनही बरंच कळतं. गरम पाणी किती वाजता, मंदिर चालत किती लांब, लहान मुलाला दूध मिळेल का, हे प्रश्न आले की तुम्ही निम्मे निश्चिंत. पहिलाच प्रश्न 'मालक तिथंच राहतात का?' आणि दुसरा 'शेजारी कटकट करतात का?' असा आला तर समजून घ्या.

नकार द्यायचा तो सभ्यपणे आणि लगेच द्या. 'आमचं घर सहा जणांचंच आहे, तुमच्या गटाला लहान पडेल' एवढं पुरे. 'बघतो, सांगतो' करत दोन दिवस टांगून ठेवलेला माणूस तिसऱ्या दिवशी वैतागून वाईट रिव्ह्यू टाकायलाही कमी करत नाही.

साइटवरून आलेल्या बुकिंगलाही हेच लागू आहे. सीझनच्या तारखांना 'झटपट बुकिंग' बंद ठेवून विनंती स्वीकारायचा पर्याय घ्या. एअरबीएनबीवर झटपट बुकिंग चालू ठेवायचंच असेल, तर आधीचे चांगले रिव्ह्यू असलेल्या पाहुण्यांपुरतं ते मर्यादित करता येतं. प्रश्न साइटच्याच मेसेजमध्ये विचारा, म्हणजे उत्तरांची नोंद राहते.

## पायरी ५: नियमांना होकार, मग पैसे

फोन झाल्यावर नियमांचा एक छोटा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवा. पाहुण्यानं सांगितलेला आकडा, तारखा, गाड्या, जाहिरातीतले नियम, रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, डिपॉझिट किती आणि कधी परत, हे सगळं त्यात हवं. शेवटी लिहा: 'मान्य असल्यास तसं कळवा, मग पेमेंटची माहिती पाठवतो.' 'मान्य' हा शब्द आल्याशिवाय पेमेंटचा नंबर पाठवायचा नाही. 'पैसे टाकले, नियम नंतर बघू' असं होऊ देऊ नका.

थेट बुकिंगला निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि उरलेली चेक-इनच्या आधी. डिपॉझिट एका रात्रीच्या भाड्याएवढं ठेवा. फार मोठं ठेवलं तर चांगलं कुटुंबही बिचकतं आणि हजार-पाचशे ठेवलं तर ते सोडून देण्याची तयारी करूनच काही जण येतात.

साइटवरच्या बुकिंगचे पैसे साइटबाहेर घेऊ नका. 'साइटचं कमिशन वाचवू, थेट देतो' म्हणणाऱ्या पाहुण्याला हो म्हटलंत की साइटचं संरक्षण जातं आणि खातंही जाऊ शकतं.

सावधान: सीझनमध्ये एक फसवणूक नेहमी चालते. फोनवरचा माणूस स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, भावाच्या कुटुंबासाठी घर हवंय सांगतो, घासाघीस अजिबात करत नाही आणि 'ऑफिसच्या खात्यातून पैसे येतील' म्हणून क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार. केअरटेकरलाही हे समजावून ठेवा, कारण मालक उचलत नाही म्हटल्यावर फोन त्यालाच येतो.

## पायरी ६: ओळखपत्रं

सर्व सज्ञान पाहुण्यांची ओळखपत्रं पोचण्याच्या आदल्या दिवशी मागवा. फक्त बुकिंग करणाऱ्याचं घेऊन काम भागवू नका. नावं आली की माणसांचा आकडाही पक्का होतो. आधारची शेवटचे चार आकडेच दिसणारी मास्क्ड प्रत पुरते. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्रही चालतं. पाहुण्यांचं रजिस्टर ठेवा: नाव, पत्ता, फोन, येण्या-जाण्याची वेळ, गाडीचा नंबर, सही. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर भरावी लागते आणि ही जबाबदारी तुमची आहे, पाहुण्याची नाही.

कुणाचीही ओळखपत्रं केअरटेकर, सफाईवाल्या मावशी आणि वॉचमन काका असलेल्या ग्रुपवर टाकू नका.

ओळखपत्रं आली, आकडा जुळला, की मग लोकेशन पाठवा.

## पायरी ७: चेक-इन

सीझनमध्ये किल्ली कुंडीखाली ठेवून मोकळं होऊ नका. स्वतः जा किंवा विश्वासातला माणूस पाठवा. पाणी द्या, गीझर कसा चालतो ते दाखवा, कट ओतायचा डबा दाखवा, शेजारच्या काकूंशी ओळख करून द्या. 'या काकू इथंच असतात, काही लागलं तर सांगा' म्हटलं की पाहुण्याला आधार वाटतो आणि आपल्याला कुणीतरी ओळखतं, हेही त्याला कळतं.

हे करताना माणसं मोजा. दोन जास्त असतील तर तिथल्या तिथे बोला: 'आपलं सहाचं ठरलंय. दोघांसाठी जवळच लॉज बघून देतो.' रात्र पडल्यावर हे बोलणं जमत नाही.

घरातल्या वस्तूंचे फोटो पाहुण्यासमोरच काढा आणि त्यालाच पाठवा.

## पायरी ८: मुक्कामात

पहिल्या संध्याकाळी एक चक्कर मारायला निमित्त ठेवा. सकाळच्या दुधाची पिशवी असेल, नाश्त्याला कुठली मिसळ चांगली ते सांगायचं असेल. दारातूनच बोलून या, आत शिरू नका. घरात कॅमेरा लावणं तर विचारातच आणू नका. बाहेर फाटकावर असेल तर जाहिरातीत तसं लिहा.

आवाज झाला तर आधी फोन, मग प्रत्यक्ष भेट. भेटीला एकटं जाऊ नका आणि आवाज चढवू नका. मेसेजमधली 'मान्य' असलेली ओळ दाखवा. तरीही ऐकलं नाही तर ११२ ला फोन करा आणि साइटवरून बुकिंग असेल तर त्याच वेळी साइटलाही कळवा. दुसऱ्या दिवशी कळवलंत तर तुमचं म्हणणं कमजोर पडतं.

## पायरी ९: चेक-आउट आणि पुढच्या वर्षाची यादी

चेक-आउटलाही हजर राहा. फोटो समोर ठेवून एक फेरी मारा. फुटलेल्या ग्लासाचे पैसे कापू नका. उखडलेल्या बेसिनचे कापा, बिल दाखवून. बाकीचं डिपॉझिट पाहुणा गाडीत बसायच्या आधी यूपीआयनं परत करा. 'दोन दिवसांत टाकतो' ही सवय चांगल्या पाहुण्याला पुन्हा येऊ देत नाही.

एअरबीएनबीवर रिव्ह्यूला १४ दिवस असतात आणि दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय कुणाचाच दिसत नाही. त्यामुळे भिडेपोटी खोटं गोड लिहू नका. पुढचा मालक तुमच्याच शब्दांवर घर देणार आहे.

चांगल्या पाहुण्यांची वही ठेवा: नाव, कुठल्या निमित्तानं आले, किती जण, आजींना कुठली खोली लागली. घटस्थापनेच्या दोन महिने आधी त्यांना पहिला मेसेज करा. नवरात्रातल्या ज्या तारखा ते घेतील त्या कॅलेंडरवर बंद करा. उरलेल्या तेवढ्याच साइटवर टाका.